आवाज वाढवा, आवाज कमी करा

‘जुनी गाणी वाजवता ना? मग सोपं आहे, ज्येष्ठ मंडळी फार प्रेमळ असतात,’ असं मला सगळे सांगतात. प्रेमळ असतातच. रेकॉर्डिंग नसेल तर काही प्रश्नच नाही.

आम्ही तिघं. गाणारी एक, गिटारवाला एक, आणि कीबोर्ड वाजवता वाजवता रेकॉर्डिंगही सांभाळणारा मी. पहिल्याच मुखड्याला पहिल्या रांगेतल्या काकांचा हुकूम सुटला, “आवाज वाढवा, काही ऐकू येत नाही!” वाढवला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच काका कानांवर हात दाबून, “अहो, केवढा हा आवाज!” मला वाटलं, फिरकी घेताहेत. नंतर समजलं की उतारवयात कानाचं असंच होतं. हळू आवाज पोचत नाही आणि थोडा चढला की एकदम अंगावर येतो. मधे उरतो तो बोळ. त्या बोळातून आम्ही तिघांनी दोन तास वाद्यांसकट ये-जा केली.

त्यात कुठूनशी शिट्टी सुरू झाली. बारीक, टोकदार, तीनेक हजार हर्ट्झची असावी. स्पीकरच बोंबलतोय म्हणून मी एका हातानं सूर धरून दुसऱ्यानं फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा सरकता खटका, खाली ओढला. शिट्टी चालूच. अंतऱ्यात माझी नजर काकांवर गेली. कानात मशीन, त्यावर दाबलेला तळवा. मशीनचा आवाज तळव्यावर आपटून परत त्याच्याच माइकात शिरत होता. मी आवाज कमी केला, काकांनी हात काढला, शिट्टी थांबली. “ऐकू येत नाही!”

रेकॉर्डिंगला मी हौसेनं कंडेन्सर माइक लावला होता. तो भलताच हळवा. गोळ्यांच्या पाकिटाची चुरचुर, तिसऱ्या रांगेतला खोकला, आणि अर्धी मात्रा मागून, स्वतःच्या पट्टीत गाणारं अख्खं सभागृह, सगळं त्यानं जिवापाड जपून ठेवलं. खोकला मात्र एकदा नेमका समेवर आला होता. तो मी काढला नाही.

शिट्टीपायी तीन रात्री गेल्या. ती फ्रीक्वेन्सी कापली की गायिकेला सर्दी झाल्यासारखी वाटे. शेवटी होतं तसं पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. “रेकॉर्डिंग झकास! पण नातू म्हणतो, कोणीतरी सारखं शिट्ट्या मारतंय. मला तर त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. पुढच्या वेळी असल्या लोकांना आत सोडू नका हो.”