घर विकायचंय? आधी छत खाली आणा

घर विकायचं ठरलं की लोक भलत्याच गोष्टींच्या मागे लागतात. सोसायटीची थकबाकी भरतात, शेअर सर्टिफिकेट शोधतात, इंडेक्स टूची, म्हणजे घराच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत काढून ठेवतात, बाथरूममधला ठिबकणारा नळ बदलून घेतात. असल्या फुटकळ कामांत तुम्ही वेळ घालवू नका. कागद काय, आज ना उद्या सापडतील. नळ इतकी वर्षं ठिबकतोय, आणखी दोन महिने ठिबकेल. ३० वर्षांचा टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंगवरून चेअरमनशी बोलणं बंद, या सगळ्यावर एकच उतारा आहे: हॉलमध्ये फॉल्स सीलिंग. तेव्हा पहिला फोन इंटीरियर डिझायनरला.

डिझायनर निवडताना शिक्षणाच्या चौकशा करत बसू नये. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटीरियर डिझायनरच्या पाटीला असली कायद्याची कटकट नाही. ज्याच्या बहिणीच्या घरचे पडदे चांगले दिसले, त्याने दुसऱ्या दिवशी कार्ड छापलं तरी कोणी हात धरत नाही. रीतसर शिकलेले, मनापासून काम करणारे डिझायनरही पुष्कळ आहेत, पण त्यांना टाळलेलं बरं. ते आल्या आल्या बाथरूमच्या भिंतीवर टकटक करून बघतात आणि 'आधी प्लंबर बोलवा' म्हणतात. सगळा मूड जातो.

पहिल्या भेटीत तुम्हाला विचारलं जाईल, "मॅम, तुमची लाइफस्टाइल काय आहे?" खरं उत्तर देऊ नका. साडेपाचला उठून पाणी भरते, मग डबे, मग सासूबाईंच्या गोळ्या, हे ऐकून डिझायनर गंभीर चेहऱ्याने वहीत 'मिनिमल' असं लिहून घेतो. मग लॅपटॉपवर थ्रीडी उघडतो. त्यात तुमचाच हॉल असतो, पण दीडपट मोठा. सोफ्यावर एक उशी तिरकी ठेवलेली, टीपॉयवर तीन इंग्रजी पुस्तकं आणि खिडकीबाहेर पाइनची झाडं. प्रत्यक्षात त्या खिडकीतून 'बी' विंगची ड्राय बाल्कनी आणि तिथे उलटा वाळत घातलेला गाऊन दिसतो, हा मुद्दा काढू नका. थ्रीडीत कपडे, चार्जर आणि म्हातारी माणसं नसतात. तुमच्याकडे ती आहेत, हा तुमचा दोष.

आता छताचं. आपल्या जुन्या इमारतींत खोलीची उंची साधारण ९ ते साडेनऊ फूट. एवढी उंची माणसाला लागते कशाला? पीओपी किंवा जिप्समचं छत टाकून त्यातली सहा इंच कमी करा, कडेने एलईडीची पट्टी फिरवा, मध्ये पंख्यासाठी आखूड दांडी लावा. पंखा छताच्या इतका जवळ येतो की वारा तिथल्या तिथे फिरत राहतो. त्यामुळे एसी लागतो, एसीमुळे दारं-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, आणि बंद खिडक्यांमुळे 'बी' विंगचा गाऊन दिसत नाही. डिझाइन म्हणतात ते याला. वरच्या कोव्हमध्ये, म्हणजे दिव्यांच्या खोबणीत, धूळ साचेल, पाली संसार थाटतील, पण वर चढून कोण बघतंय? सहा महिन्यांनी त्या पांढऱ्याशुभ्र छतावर पिवळा डाग उमटेल तेव्हा वरच्या मजल्याचं बाथरूम गळतंय हे कळेल. पूर्वी हे स्लॅबकडे नुसती मान वर करून कळायचं, त्यात काही मजा नव्हती.

स्वयंपाकघरावर मात्र सढळ हाताने खर्च करा. कडाप्प्याचा ओटा फोडा. त्याच्यावर एका पिढीने पुरण वाटलं, नारळ फोडले, मोदकाची उकड मळली, त्याला काही झालं नाही म्हणून तो चांगला ठरत नाही. त्या जागी पांढरंशुभ्र क्वार्ट्झ बसवा आणि मग घरात हळद कमी वापरा. ट्रॉल्यांना मुठी नकोत. मुठी असल्या की हात पुसून ट्रॉली उघडायची सवय राहत नाही. चकचकीत ॲक्रिलिकवर खालच्या कडेला हळदीची पाच बोटं रोज संध्याकाळी दिसली की समजायचं, किचन वापरात आहे. डिझायनर सांगेल, "काकू, काउंटर क्लटर-फ्री हवा." त्याच्या मते क्लटर म्हणजे मिक्सर, तेलाची बुधली, मिसळणाचा डबा, पोळ्यांचा डबा आणि गॅसवरचं दूध. या वस्तूंसाठी तो रोलिंग शटरचं एक कप्पा-घर काढून देतो. त्यात मिक्सर मावतो, पण भांडं बसवलं की शटर लागत नाही. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, इडलीची स्टँडं, दिवाळीचे पत्र्याचे डबे कुठे ठेवायचे असं विचारलंत, तर तो तुमच्याकडे अशा नजरेने बघेल की तुम्हीच म्हणाल, देऊन टाकू कामवाल्या मावशींना.

मधली भिंत पाडून किचन ओपन करायचं की नाही, यावर घरात वाद होईल. वाद घालू नका, करा. लसणाची फोडणी, मिरच्यांचा ठेचा आणि रविवारचे सोडे हे सगळं सोफ्याच्या कापडात व्यवस्थित मुरतं. बुधवारी आलेल्या पाहुण्याला रविवारचा मेनू सांगावा लागत नाही.

भिंतीवरून आठवलं, इथे थोडा वेळ थट्टा बाजूला ठेवतो. "ही भिंत काढली की स्पेस मोकळी होते" असं कोणी म्हणालं, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी हातात पडेपर्यंत घणाला हात लावू देऊ नका. जुन्या लोड बेअरिंग इमारतीत भिंतीच वरचे मजले पेलत असतात. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. त्या इमारतीतल्या बाकीच्या घरांनी कोणताही डिझायनर बोलावलेला नव्हता.

असो. बाल्कनीकडे वळू. तिथल्या दोरी-कप्पीच्या दांड्या काढून टाका, खाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरा, एक झोपाळा टांगा, कोपऱ्यात डोळे मिटलेला बुद्ध बसवा. तुळस विसंगत दिसते, तिला जिन्यात ठेवा. जुलै उजाडला की ओले कपडे डायनिंगच्या खुर्च्यांवर आणि दाराच्या मुठींवर येतील आणि बुद्ध तेवढा कोरडा राहील.

देवघराचं काम नाजूक असतं. एमडीएफवर सीएनसी मशीनने कोरलेली ॐची जाळी, मागून पिवळा प्रकाश, वर पीयू पॉलिश. एवढं झालं की निरांजनाला बंदी, कारण काजळी धरते. "आजी, आपण एलईडीचा दिवा लावू ना," असं डिझायनर गोड आवाजात म्हणेल. एखादी आजी विचारते, "म्हणजे देवानेही बटण दाबल्यावरच प्रसन्न व्हायचं का?" अशा आजींना साइटवर आणू नये.

कोटेशन आलं की शेवटचा आकडा तेवढा बघा. वॉर्डरोबचा दर चौरस फुटावर असतो आणि मापलं जातं ते समोरून दिसणारं तोंड. आतले ड्रॉवर, कुलपं, लॉफ्टची दारं 'एक्स्ट्रा' या कॉलमात नंतर हळूच उगवतात. प्लायवूडवर आयएस ७१० चा शिक्का आहे का, असं विचारून माणुसकी घालवू नका. ते उकळत्या पाण्यातही न सुटणारं मरीन प्लाय, आणि आयएस ३०३ मधलं एमआर म्हणजे दमट हवेपुरतं टिकणारं. दोन्हींवर एक मिलिमीटरचं लॅमिनेट चढवलं की दोघं जुळे भाऊ. सिंकखालचं कपाट दुसऱ्या पावसाळ्यात तळाशी फुगलं की कोणता भाऊ आत होता ते कळतं. तोवर तुमचा फोन उचलला जाण्याचं बंद झालेलं असतं. टाइल्सच्या दुकानात डिझायनरबरोबरच जा. दुकानदार त्याला नावाने हाक मारतो, त्याच्यासाठी बिनसाखरेचा चहा न सांगता येतो, आणि तुम्हाला आवडलेली टाइल नेमकी स्टॉकमध्ये नसते. इतका जिव्हाळा हल्ली कुठे बघायला मिळतो?

वेळेचं विचाराल तर उत्तर ठरलेलं आहे, "गणपतीच्या आधी चावी हातात." कुठल्या गणपतीच्या आधी, असं खोदून विचारू नये. माघातही गणपती बसतात. मधल्या काळात सुतार लग्नाला गावी जातो, त्याच्या चुलतभावाला मापं सांगून जातो, आणि चुलतभाऊ वॉर्डरोबचं दार असं लावतो की ते उघडलं की बेडरूमचं दार उघडत नाही. "ॲडजस्ट हो जाएगा साहब." होतं. माणूस कशालाही ॲडजस्ट होतो, त्यात आपण तर ६० टक्के पैसे आधीच देऊन बसलेले असतो.

शेवटी हळूच प्रश्न येतो, "बिल हवंय की बिनबिलाचं?" बिनबिलाचं म्हणा. १८ टक्के जीएसटी वाचतो, आणि असा वाचवलेला पैसा मराठी माणसाला कमावलेल्या पैशापेक्षा गोड लागतो. पुढे घर विकल्यावर भांडवली नफ्याचा हिशेब करताना सीए विचारतील, "घराच्या सुधारणेवर काही खर्च केलात? टाइल्स, प्लंबिंग, बांधकाम? नफ्यातून वजा होतो, फक्त पुरावा द्या." तेव्हा तुम्ही त्यांना फोनमधला सुताराचा फोटो दाखवा. सोफा-पलंगाची बिलं सापडली तर तीही दाखवा. ती घराच्या सुधारणेत धरत नाहीत, पण सीएंना चार हसरे क्षण मिळतात.

सगळं झालं, आता विक्री. एजंट फोटो काढायला येईल तो मोबाइलवर वाइड लेन्स लावून. त्या लेन्समधून बाथरूमसुद्धा बॅडमिंटन कोर्टाएवढं दिसतं. ग्राहकांना मार्च-एप्रिलमध्येच बोलवा. पश्चिमेच्या ओलीच्या भिंतीवर उभ्या खाचांचं फ्लूटेड पॅनेल ठोकलेलं असलं तरी पावसाळ्यात वास लपत नाही. काही खडूस ग्राहक मुद्दाम जुलैत येतात, पॅनेलच्या फटीला नाक लावतात आणि वर बघून विचारतात, "या छताच्या आत काय आहे?" त्यांना सांगा, "प्रोव्हिजन आहे." कशाची ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

जो ग्राहक मनापासून घर घेणार असतो, तो सोफ्याकडे बघतही नाही. तो पार्किंगचं पत्र मागतो, पाणी किती वेळ येतं विचारतो, सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, विचारतो. मग म्हणतो, "आमच्याकडे आमचं फर्निचर आहे. हे काढून देता का?" तुम्ही १४ लाखांचा आकडा सांगता, तो काढण्याच्या मजुरीचा आकडा सांगतो आणि राडारोडा कोण उचलणार यावर घासाघीस सुरू होते. त्याच्या बँकेचा व्हॅल्युअर येतो, तो दहा मिनिटांत टेप लावून कार्पेट एरिया मोजतो, इमारतीचं वय लिहितो, मजला लिहितो. कोव्ह लाइटसाठी त्याच्या फॉर्ममध्ये रकानाच नसतो. तुम्ही बटण दाबून दाखवलंत तर "छान आहे हं" म्हणेल, एवढंच.

तरीही खचू नका. कधीकधी घर विकायची वेळच येत नाही. पॉलिशचा वास घरातून पुरता गेलेला नसतो आणि खाली नोटीस बोर्डावर विशेष सर्वसाधारण सभेची सूचना लागते. विषय क्रमांक एक: पुनर्विकास. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या पुनर्विकास नियमावलीप्रमाणे सभा होते, एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती मिळते, आणि नव्या घराचं क्षेत्रफळ तुमच्या जुन्या कार्पेटवर ठरतं. कडाप्प्याच्या ओट्यावर भाकऱ्या थापणाऱ्या शेजारच्या जोशीकाकूंना जेवढे टक्के जादा मिळतात, तेवढेच क्वार्ट्झवाल्या तुम्हाला. भाड्याच्या घरात मॉड्युलर किचन न्यावं म्हणाल तर ते दीड इंचाने बसत नाही. टॉल युनिट भाड्याच्या घराच्या दारातून आडवं जात नाही आणि उभं मावत नाही, म्हणून ते चार वर्षं पॅसेजमध्ये तिरकं राहतं. जोशीकाकू येता-जाता त्यावर पिशवी टेकवून दम खातात.

बिल्डर सगळ्या सभासदांना सॅम्पल फ्लॅट बघायला गाडी पाठवतो. अवश्य जा. तिथे छत खाली आणलेलं आहे, किचन ओपन आहे, बुद्धाचे डोळे मिटलेले आहेत, आणि खोल्या कागदावरच्यापेक्षा मोठ्या वाटतात, कारण आतल्या दारांची पानं काढून ठेवलेली असतात आणि पलंग जेमतेम साडेपाच फुटांचा असतो. बसून बघा, झोपून बघू नका.