चंद्रावर ढग नाहीत, रात्र मात्र आहे

‘एक मुंबईकर’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकास,

नमस्कार. चंद्रावरच्या वस्तीला वीज कुठून आणायची, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण वाचली नीट. तुमचं म्हणणं असं : चंद्रावर ना ढग ना पावसाळा, मग सौर पॅनेल पसरा, बॅटऱ्या भरा आणि रात्र काढा, मी उगाच रात्रीचा बाऊ करतो. शिवाय दक्षिण ध्रुवाजवळची शिखरं ‘कायम उजेडात’ असतात, हे माझं विधान चुकीचं.

चूक मान्य. कायम उजेडात राहणारी जागा तिथे सापडलेली नाही. तिथल्याच शॅकल्टन विवराच्या काठावर काही ठिकाणी वर्षातला ८० टक्क्यांहून जास्त काळ ऊन असतं, एवढंच.

बाऊ करतो, हे मात्र पटत नाही. ध्रुवांपासून दूर रात्र सुमारे ३५४ तासांची. एक किलोवॉट, म्हणजे एका इस्त्रीपुरती वीज, अखंड हवी तरी ३५४ युनिट साठवावी लागतील. किलोमागे २०० वॉट-तास साठवणारी बॅटरी धरा. वजन पावणेदोन टन. आणि वस्ती इस्त्रीवर चालत नाही, हवा-पाणी-ऊब सगळंच विजेवर. थंडी वेगळीच. चांद्रयान-३चे विक्रम आणि प्रज्ञान २०२३च्या सप्टेंबरात निजवले ते पुन्हा ऊन आल्यावरही उठले नाहीत. (त्यांना दोष नाही, ते एकाच चांद्रदिवसासाठी बांधले होते.)

म्हणून सगळ्यांचा डोळा ध्रुवावर. पण चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे तिथे सूर्य क्षितिजालाच घासत फिरतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीने गच्चीवर पॅनेल बसवली आणि शेजारी टॉवर उठला. हिवाळ्यात निम्मी पॅनेल सावलीत. तेही दुपारी सूर्य ४७ अंशांवर असताना! दीड अंशावरच्या सूर्यात मीटरभर दगडाची सावली ३८ मीटर पडते. म्हणजे पॅनेल आडवी अंथरून उपयोग नाही; उंच खांबांवर उभी टांगायची, सूर्यामागे फिरवायची आणि एकमेकांच्या सावलीत येणार नाहीत इतकी लांब ठेवायची. तेवढ्या लांबीच्या तारा आल्या, त्यांचं वजन आलं. धुळीचं तर बोललोच नाही.

‘अणुभट्टी न्या की’, असंही तुम्ही शेवटी म्हणता. नासाने २०२२ मध्ये ४० किलोवॉटच्या भट्टीच्या आराखड्यांची कंत्राटं दिली ती याच रात्रीपायी. माझ्या मते दोन्ही लागतील.

लेखातलं ‘कायम’ खोडून ‘बहुतेक काळ’ केलंय.