जागा देताय, तर मुदतही द्या

परवा त्या जागेवरून चालत गेले. पत्रे अजून तसेच उभे आहेत. दोन पत्र्यांच्या फटीतून आत डोकावलं तर कमरेएवढं गवत. तिथे आमची भाज्यांची सामुदायिक बाग होती. आम्हाला तिथून उठवलं त्याला तीन वर्षं होऊन गेली. जागा तातडीने लागणार आहे, असं तेव्हा सांगितलं होतं. या तीन वर्षांत तिथे एक वीटसुद्धा पडलेली नाही.

पोस्ट लांबणार आहे. पण हा विषय मनातून जात नाही, आणि आता पुन्हा काही जण सार्वजनिक जागांवर सामुदायिक बाग आणि शेतकरी बाजार सुरू करायचं बोलताहेत, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

ती जागा म्हणजे पाण्याच्या टाकीमागचा पडीक तुकडा. सगळ्यांची म्हणून कुणाचीच नाही, अशी. लोक राडारोडा आणून टाकायचे. आम्ही चौदा घरांनी मिळून ती मागितली. 'हरकत नाही' एवढं एका कागदावर लिहून मिळालं. किती वर्षांसाठी, ते कागदावर नव्हतं. आम्हीही विचारलं नाही. जागा मिळाली याचाच आनंद एवढा होता.

पहिले पाच महिने आम्ही काहीच पेरलं नाही, नुसतं खणत होतो. कुदळ मारली की खण्णकन आवाज यायचा. विटांचे तुकडे, काचा, गंजलेल्या सळ्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तर थरावर थर. आमच्यात एक निवृत्त गवंडी काका होते. वाळू चाळायची मोठी चाळणी तिरकी उभी करून ते रोज सकाळी तासभर माती चाळायचे. जे खडे निघाले त्यांचीच मग आम्ही पायवाट केली. माती प्रयोगशाळेत तपासून घेतली, कारण शहरातल्या जुन्या जागांच्या मातीत शिसं असू शकतं. जुन्या इमारतींचा रंग आणि पूर्वीचं शिसं घातलेलं पेट्रोल यांतून ते मातीत उतरतं आणि तिथेच राहतं. पालेभाजीवर तीच धूळ बसते, लहान मुलं मातीचे हात तोंडात घालतात. बाग सुरू करणाऱ्या प्रत्येकाने बी आणण्याआधी ही तपासणी करून घ्यावी, आणि शंका असेल तर चांगली माती बाहेरून आणून उंच वाफे करावेत. आम्ही तेच केलं.

तिसऱ्या वर्षी मातीने रूप पालटलं. मूठभर उचलून दाबली की गोळा व्हायचा आणि बोटाने टोचलं की भुसभुशीत होऊन सुटायचा. खुरपं घातलं की गांडूळ दिसायचं, मग काका खुरपं बाजूला ठेवून हाताने माती सारायचे. तीन वर्षांचा पालापाचोळा, भाज्यांची देठं, खरकटं न मिसळलेला ओला कचरा, असं सगळं त्या मातीत गेलं होतं.

त्याच वर्षी फाटकावर कागद चिकटला. सात दिवसांत जागा रिकामी करा. टोमॅटोला फुलं धरली होती.

माती आठवड्यात तयार होत नाही, आणि आठवड्यात उचलून दुसरीकडे नेताही येत नाही. म्हणून माझं म्हणणं एकच आहे. सार्वजनिक जागा लोकांना बागेसाठी द्यायची असेल, तर लेखी कराराने द्या आणि त्यात वर्षांचा आकडा घाला. तो आकडा नसेल तर लोकांकडून फुकटात जागा साफ करून घेतली, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

हे मागणं जगावेगळं नाही. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर जबाबदारीच टाकली की लोकांची मागणी असेल तर भाजीपाला पिकवायला त्यांना जमिनीचे तुकडे द्यायचे. परिसरातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली तर परिषदेला ती विचारात घ्यावीच लागते. १९२५ च्या कायद्याने यासाठी राखलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकायला बंदी घातली. आणि मला सगळ्यात भावलेलं कलम १९५० चं आहे. जागा सोडायची नोटीस साधारणपणे किमान १२ महिन्यांची हवी, आणि तिची मुदत ६ एप्रिल ते २९ सप्टेंबरच्या मध्ये संपता कामा नये. म्हणजे तिथला पिकाचा हंगाम! ज्याने कुणी हे कलम लिहिलं त्याला उभ्या पिकातून माणसाला उठवणं म्हणजे काय, ते नक्की ठाऊक होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचे टोमॅटो आले.

जर्मनीत अशा बागांसाठी १९८३ पासून स्वतंत्र राष्ट्रीय कायदा आहे. नगररचनेच्या आराखड्यासाठी बाग हलवायची वेळ आली तर पर्यायी जमीन देण्याचं बंधन त्यात आहे, लावलेल्या झाडांची भरपाईसुद्धा आहे.

आता जिथे असा कायदा नव्हता तिथे काय झालं, तेही बघा. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्ती आणि तिच्या सोबत्यांनी बॉवरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला प्लॉट साफ करून बाग केली. पुढच्या वर्षी शहराने तो त्यांना महिना १ डॉलर भाड्याने दिला. त्या काळात शहर कंगाल होतं, ओस पडलेले प्लॉट कुणालाच नको होते. १९७८ मध्ये शहराने अशा बागांसाठी 'ग्रीनथंब' हा कार्यक्रमच सुरू केला. बागांमुळे वस्त्या सावरल्या आणि जमिनींचे भाव चढले. आणि १९९९ मध्ये त्याच शहराने शंभराहून जास्त बागा लिलावात काढल्या! लिलावाच्या तोंडावर दोन संस्थांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या. त्यातली एक अभिनेत्री बेट मिडलर यांनी स्थापन केलेली. ज्या वाचल्या त्या वाचल्या. पण फेब्रुवारी २००० मध्ये 'एस्पेरान्सा' नावाची वीसेक वर्षांची बाग बुलडोझरने सपाट केली. एस्पेरान्सा म्हणजे आशा.

लॉस एंजेलिसची गोष्ट माझ्या जास्तच जिव्हाळ्याची आहे. १४ एकर जमीन शहराने १९८० च्या दशकात कचरा जाळण्याच्या भट्टीसाठी मूळ मालकाकडून घेतली. लोकांनी विरोध केला, भट्टी झाली नाही. १९९२ च्या दंगलींनंतर तिथे लोकांना शेती करू दिली आणि साडेतीनशेच्या आसपास कुटुंबं तिथे पिकवू लागली. २००३ मध्ये शहराने जमीन पुन्हा जुन्या मालकाला विकली, जून २००६ मध्ये सगळ्यांना बाहेर काढलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती जमीन कुंपणाआड ओसाड पडून होती. पत्र्यांच्या फटीतून आत बघताना मला हीच जमीन आठवते.

बाजाराचं गणित थोडं वेगळं आहे. बागेला जागा कायम लागते, बाजाराला आठवड्यातले काही तास पुरतात. मैदान, वाहनतळ, सुट्टीच्या दिवशीचा शांत रस्ता, यांतलं काहीही चालतं. पण तो वार आणि ती जागा ठरलेली हवी, वर्षभर. आमच्या बागेजवळच्या मैदानावर असा बाजार भरायचा. एका रविवारी मैदान भलत्याच कार्यक्रमाला देऊन टाकलं आणि शेतकऱ्यांना कुणी कळवलंच नाही. पालक विकणाऱ्या एक मावशी गाडी भरून पहाटे पोचल्या, तर आत मांडव. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसल्या. दर थोड्या वेळाने जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या, आणि दुपारपर्यंत तो पालक हिरव्याचा काळपट होत गेला. मी त्यांच्याशेजारी उभी होते, माझ्याकडे बोलायला शब्द नव्हते. आदल्या संध्याकाळी काढलेली भाजी पुन्हा शेतात लावता येत नाही हो. पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत, आणि त्या येत नाहीत म्हणून गिऱ्हाइकंही पांगली.

सिएटलचा पाइक प्लेस बाजार १७ ऑगस्ट १९०७ ला सुरू झाला. कांद्याचे भाव अतोनात चढले होते आणि मधले व्यापारी शेतकऱ्यांना काही हाती लागू देत नव्हते, म्हणून शहरानेच शेतकऱ्यांना रस्त्यावर थेट विकायची मुभा दिली. तो बाजार आजही आहे. तो आपोआप टिकला असं मात्र नाही. तिथे पुनर्विकासाचे आराखडे तयार होते, १९७१ मध्ये नागरिकांनी मतदान करून तो वाचवला.

बाजाराचा दुसरा नियम म्हणजे पिकवणाऱ्यानेच विकायचं. हा नियम ढिला पडला की घाऊक बाजारातून माल उचलून आणणारे शिरतात, ते स्वस्त देतात, आणि खरा शेतकरी महिन्याभरात बाहेर जातो. न्यूयॉर्कच्या १९७६ पासूनच्या 'ग्रीनमार्केट'मध्ये तपासनीस शेतावर जाऊन बघून येतात. मदुराईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'उळवर संदै' या शेतकरी बाजारात शेतकऱ्यांना ओळखपत्रं दिली गेली. सावली, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह हे तर वेगळं सांगायलाच नको. तरी सांगते, कारण पहाटे निघालेली बाई दुपारपर्यंत पाणी न पिता बसते, आणि ती का पीत नाही हे बायकांना विचारावं लागत नाही.

बाग आणि बाजार शेजारी असले तर आणखी एक गोष्ट जमून येते. बाजार उठल्यावर पडलेली पानं आणि देठं थेट बागेच्या खतात जातात. आमच्याकडे एका बाजाराची दोन-तीन पोती निघायची. कचरा उचलायला गाडी लागायची नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला खरोखर पटतो. लोकांना राहायला घरं नाहीत आणि तुम्ही भाज्या काय लावताय? उद्या आमच्या त्या तुकड्यावर बेघरांसाठी घरं उभी राहणार असतील तर मी स्वतः माझा वाफा उपटून देईन. पण मग आराखडा दाखवा, पैसे मंजूर झाल्याचं दाखवा, हंगाम संपू द्या आणि दुसरी जागा द्या. नुसत्या शक्यतेसाठी चालती बाग बंद करू नका.

दुसरा आक्षेप आमच्यावरच आहे, आणि त्यात आमची चूक होती. आम्ही फाटकाला कुलूप लावलं होतं. भाज्या चोरीला जायच्या म्हणून. चौदा घरांकडे चौदा किल्ल्या. शेजारच्या इमारतीतल्या एक आजी एकदा म्हणाल्या, "आमची बी जागा हाय ना ही? मग आम्ही बाहेरून का बघायचं?" त्या बरोबर बोलत होत्या. सार्वजनिक जागेवर चौदा घरांचं खासगी परसू करायचा आम्हाला हक्क नव्हता. सात दिवसांची नोटीस लागली तेव्हा आमच्या बाजूने फार कुणी उभं राहिलं नाही, त्याचं एक कारण ते कुलूप होतं असं मला आज वाटतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रश्नावरच्या कामासाठी. सामायिक संपत्ती लोक स्वतः नियम करून पिढ्यानपिढ्या सांभाळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. मात्र ते नियम वापरणाऱ्यांनी मिळून केलेले हवेत, आणि ते मोडणाऱ्याकडे कुणाचं तरी लक्ष हवं.

गेल्या आठवड्यात आम्ही नवा अर्ज दिला. जागा तीच मागितली आहे. या वेळी अर्जावर बावीस घरांच्या सह्या आहेत, त्यात त्या आजींचाही अंगठा आहे. फाटक सकाळ-संध्याकाळ उघडं राहील, काही वाफे सगळ्यांसाठी राखीव राहतील, वाफा वर्षभर पडीक ठेवला तर तो प्रतीक्षायादीतल्या घराला जाईल, रविवारी पुढच्या पट्ट्यात शेतकरी बसतील, हे सगळं लिहून दिलं आहे. जागा परत घ्यायची असेल तर १२ महिने आधी कळवावं आणि हंगामाच्या मध्ये उठवू नये, हेही लिहिलं आहे. मुदतीच्या रकान्यात १० वर्षे असं लिहिलंय.

अर्ज घेणाऱ्या कर्मचाऱ्याने तो रकाना दोनदा वाचला आणि विचारलं, "एवढी कशाला?" मी त्याला मातीबद्दल सांगितलं.