रिव्हिजन ‘डी’चं घोडं

वस्तू तयार झाली, दिवा लागला, सगळ्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या, की बाहेरच्यांना वाटतं घोडं गंगेत न्हालं. इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून त्यांना प्रमाणपत्र मिळवण्याच्या या धंद्यातल्या माणसाला माहीत असतं, की घोडं अजून काठावरच उभं आहे आणि पाण्यात सोडण्याआधी कुणीतरी त्याचा टेस्ट रिपोर्ट मागतंय. रिपोर्ट आहे हो, पण तो रिव्हिजन ‘बी’च्या, म्हणजे जुन्या आवृत्तीच्या घोड्याचा. समोर उभं आहे ते ‘डी’. दोघांत फरक काय, असं विचारलं की परचेसवाले म्हणतात, “काही नाही साहेब, सेम टू सेम.”

मला विचाराल, तर धोकादायक मालाच्या यादीत लिथियमच्या वर हे तीन शब्द लिहायला हवेत.

प्रमाणपत्र वस्तूला मिळतं, हा पहिला गैरसमज. ते मिळतं लॅबच्या टेबलावर त्या दिवशी पडलेल्या नमुन्याला: त्याच्या बोर्डाला, अडॅप्टरला, केबलच्या लांबीलासुद्धा. रिपोर्टच्या शेवटी फोटो असतात. झाकण काढून समोरून, मागून, बाजूला मोजपट्टी ठेवून. अटकेतल्या आरोपीचे काढतात तसे. पुढे कुणी तपासायला आलं, की हातात हाच फोटो असतो आणि शेजारी आपला बोर्ड.

आता बोर्डावरचा एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग घ्या. १० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, सिरॅमिक. मूळचा मिळेना, म्हणून दुसरा आला. आकडे तेच, पण आकाराने एक नंबर लहान. डेटाशीटच्या पहिल्या पानावर दोघे जुळे भाऊ. खरी गोष्ट आतल्या आलेखात असते: ५ व्होल्ट चढले की या लहान भावाची निम्मी धारकता गळूही शकते. पॉवर सप्लायचा खळखळाट मग त्याला आवरत नाही आणि तो वाट काढतो केबलमधून. एक मीटर केबल म्हणजे ७५ मेगाहर्ट्झच्या आसपास फुकटात मिळालेला अँटेना. घरगुती वापराच्या वस्तूला ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये १० मीटर अंतरावर ३० डीबी-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढ्याच रेडिओ-गोंगाटाची मुभा. म्हणजे मीटरला ३२ मायक्रोव्होल्टच्या आसपास. एवढ्यात खळखळाट कसला, कुजबुजही मावत नाही.

मग लॅबमध्ये संध्याकाळी कुणीतरी केबलवर फेराइटचा, म्हणजे असा गोंगाट शोषणारा मणी चढवतो. गोंगाटाचा आलेख मर्यादेच्या रेषेखाली येतो, सगळे घरी जातात. रिपोर्टच्या फोटोत मणी दिसतो. बीओएममध्ये, म्हणजे वस्तूच्या भागांच्या यादीत, तो कधीच येत नाही. पुढचे सगळे नग मण्याविना बाहेर पडतात. लॅबमधून निघण्यापूर्वी तिथंच उभ्या उभ्या ईसीआर (बदलाची विनंती) लिहावी, मण्याचा पार्ट नंबर, वेढे किती आणि कनेक्टरपासून किती मिलिमीटरवर, या तपशिलासकट. उद्या लिहू म्हणणाऱ्याचा उद्या कधी उजाडत नाही.

रिव्हिजनची अक्षरं हा आणखी एक तमाशा. ड्रॉइंगच्या अमेरिकन मानकात आय, ओ, क्यू, एस, झेड अशी अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती १, ०, ५, २ यांच्यात मिसळतात. एवढी काळजी अक्षरांची घेतली, आणि बोर्डावर छापलं काय? ‘रेव्ह बी’. हे ‘बी’ कुणाचं? नुसत्या कोऱ्या पीसीबीचं, म्हणजे पार्ट न बसवलेल्या बोर्डाचं. त्यावर पार्ट बसवून जी असेंब्ली होते तिची रिव्हिजन वेगळी चालते. पीसीबी ‘बी’वरच राहते आणि असेंब्ली ‘डी’वर पोचते. पण तपासणारा वाचतो ते छापलेलं. त्यामुळे ‘डी’ असेंब्ली ‘बी’ म्हणून पास होते, किंवा चांगली असून नापास. उपाय साधा आहे: बोर्डाच्या तांब्याच्या थरात फक्त कोऱ्या बोर्डाचा नंबर ठेवायचा, सिल्कस्क्रीनवर (बोर्डावरच्या छपाईत) एक पांढरा चौकोन रिकामा सोडायचा आणि असेंब्लीचा नंबर-रिव्हिजन त्यावर स्टिकरनं लावायची. हा चौकोन ठेवायला जागा नाही असं लेआउटवाले सांगतात. कंपनीच्या लोगोला असते.

ईसीओच्या, म्हणजे बदलाच्या आदेशाच्या फॉर्मवर नेहमीचा प्रश्न असतो: जुना-नवा भाग एकमेकांच्या जागी बसतो का, तसाच चालतो का? हो, तर रिव्हिजन बदला. नाही, तर पार्ट नंबर बदला. छान. पण बसतो आणि चालतो, याचा अर्थ ‘रिपोर्टमध्ये आहे’ असा होत नाही. सुरक्षेच्या रिपोर्टमध्ये महत्त्वाच्या भागांचा तक्ता असतो. फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, मेन्सवरचे कपॅसिटर, बॅटरी, प्लॅस्टिकचं खोकं, प्रत्येकापुढे उत्पादक आणि मॉडेल. या ओळी बीओएममध्ये ठळक खूण करून ठेवाव्यात आणि त्यांना हात लावणाऱ्या ईसीओवर अनुपालनवाल्याची, म्हणजे नियम आणि प्रमाणपत्रं सांभाळणाऱ्याची सही आधी घ्यावी. माल आल्यावर घेतलेल्या सहीला मी सही म्हणत नाही, सुतक म्हणतो. आणि प्लॅस्टिकबद्दल एक सांगून ठेवतो: न पेटण्याचं ‘व्ही-०’ रेटिंग जाडीनुसार असतं आणि बऱ्याचदा रंगानुसारही. मार्केटिंगला काळ्याऐवजी राखाडी हवा असतो, तेव्हा ते फक्त रंग मागत नसतात.

रोह्सचं, म्हणजे घातक पदार्थांवरच्या युरोपच्या नियमाचं थोडक्यात. शिसं ०.१ टक्का आणि कॅडमियम ०.०१ टक्का ही मर्यादा अख्ख्या वस्तूला नाही, प्रत्येक एकजिनसी पदार्थाला आहे. केबलचं आवरण वेगळं, तांबं वेगळं. ‘आमचा माल रोह्स आहे’ असं पुरवठादाराचं पत्र आलं की आधी तारीख बघायची. युरोपच्या यादीत मुळात सहा पदार्थ होते. २२ जुलै २०१९ पासून बहुतेक वस्तूंना चार थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) धरून दहा लागू झाले. पत्रात सहाच असतील, तर ते पत्र फार तर जपून ठेवण्यालायक.

आता बॅटरी. धोकादायक मालाचे संयुक्त राष्ट्रांनी नऊ वर्ग केलेत. स्फोटकं पहिलीत, वायू दुसरीत, ज्वालाग्राही द्रव तिसरीत. जे कुठंच बसेना ते नववीत. लिथियम बॅटरी नववीत आहे. वर्गमित्र सुका बर्फ आणि ॲस्बेस्टॉस. या वर्गात प्रवेशाची परीक्षा यूएन ३८.३, आठ पेपरांची. पहिले पाच पेपर त्याच नमुन्यांनी ओळीनं द्यायचे, मध्ये सुट्टी नाही. आधी ११.६ किलोपास्कलच्या विरळ हवेत किमान ६ तास. मग ७२ अंशांत ६ तास, अर्ध्या तासाच्या आत उणे ४० अंशांत ६ तास, असं दहा वेळा. आगीतून फुफाट्यात जाणाऱ्याचं निदान तापमान तरी बदलत नाही. मग ७ ते २०० हर्ट्झ थरथराट, मग आदळणी, मग ५७ अंशांत शॉर्टसर्किट. सहाव्या पेपराला वेगळे नमुने: गोल सेलवर सळई ठेवून ६१ सेंटिमीटरवरून ९.१ किलोचं वजन सोडतात. ओव्हरचार्जच्या पेपरात नेमून दिलेल्या कमाल प्रवाहाच्या दुप्पट, २४ तास. एवढं सोसून तिनं फुटायचं नाही, पेटायचं नाही. पहिल्या चार पेपरांत गळायचंही नाही आणि व्होल्टेजही आधीच्या ९० टक्क्यांखाली जाता कामा नये.

इथं ठरलेलं वाक्य येतं: “सेल पास आहेत की! मग पॅकला काय धाड भरलीय?” दोन किंवा जास्त सेलचा पॅक ही स्वतंत्र बॅटरी असते आणि तिला स्वतंत्र परीक्षा असते. मुलं पास झाली म्हणून बाप पास होत नाही. एका सेलच्या पॅकला मात्र सेल म्हणूनच तपासतात. पास झालेल्या पॅकची ऊर्जा २० टक्क्यांहून जास्त बदलली, किंवा व्होल्टेज तेवढं वाढलं, की पुन्हा परीक्षा. त्याहून पकडणारं कलम पुढे आहे: ज्यामुळे एखादी चाचणी नापास होऊ शकेल असा कुठलाही बदल. त्याच्या उदाहरणांत सेपरेटर (सेलच्या दोन इलेक्ट्रोडमधला पडदा) आहे, आणि संरक्षणाचं सर्किट त्याच्या सॉफ्टवेअरसकट आहे.

सॉफ्टवेअरसकट. फर्मवेअरवाल्यांच्या, म्हणजे वस्तूच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या टेबलावर हा शब्द चिकटवून ठेवावा. “चार्जिंग जरा फास्ट केलंय, बाकी काही नाही,” हे रिलीज नोटमध्ये अर्ध्या ओळीत येतं. ती अर्धी ओळ सेलच्या डेटाशीटमधला कमाल प्रवाह ओलांडते का, आणि शून्य अंशाखाली चार्जिंग थांबवणारी अट त्या गडबडीत निसटली का, हे कोण बघणार? थंडीत जबरदस्तीनं चार्ज केलं की लिथियम ॲनोडच्या आत न शिरता पृष्ठभागावर धातू होऊन साचतं आणि आतल्या आत शॉर्ट व्हायची तयारी करतं. रेडिओचंही तेच. प्रक्षेपणाच्या शक्तीच्या तक्त्यात १८ चा आकडा २० केला, की रेंज सुधारते आणि रिपोर्ट बिघडतो. म्हणून फर्मवेअरची आवृत्तीसुद्धा बीओएममध्ये एक ओळ म्हणून असावी, पार्ट नंबरासह.

लेबलबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. नखाएवढ्या जागेत युरोपची ‘सीई’ खूण, किमान ५ मिलिमीटर उंच. काट मारलेली कचराकुंडी. व्होल्ट, अँपिअर, नंबर, पत्ता. ते टिकतं का हे बघायला पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं १५ सेकंद घासतात, मग पेट्रोलियम स्पिरिटनं १५ सेकंद. माणूस एवढ्या मनोभावे फक्त लेबलच पुसतो.

आणि शेवटी पाठवणी. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास: ३.७ गुणिले २.६ म्हणजे ९.६२ वॉट-तास, हा आकडा बॅटरीच्या अंगावर हवा. सेल २० आणि बॅटरी १०० वॉट-तासांच्या आत असेल तर जाच थोडा कमी. नुसती बॅटरी असली तर धोकादायक मालाचा नंबर यूएन ३४८०, वस्तूबरोबर किंवा वस्तूत असली तर ३४८१. नुसतीला प्रवासी विमानात मालाच्या पोटात मज्जाव, आणि मालवाहू विमानात चार्ज ३० टक्क्यांपर्यंतच. ग्राहकानं फुगलेली बॅटरी “चेक करून सांगा” म्हणून परत पाठवतो म्हटलं, तर विमानानं नको, हे फोन ठेवायच्या आत सांगावं. खराब झालेल्या बॅटरीला विमान पूर्ण बंद आहे.

या सगळ्याला वैतागून कुणीतरी पॅक काढून घेतो, खोक्यावर ऐटीत ‘बॅटरी नाही’ लिहितो आणि माल सोडतो. एक्स-रेमध्ये बोर्डाच्या कोपऱ्यात एक गोल नाणं चमकतं. घड्याळ चालू राहावं म्हणून बसवलेली सीआर२०३२. बोर्डावर बसलेल्या या बटण-सेलला खोक्यावर लिथियमची खूणसुद्धा लागली नसती. लागला असता तो फक्त खरेपणा. बीओएम उघडलं, तर तिची ओळ आहे. रिव्हिजन ‘सी’पासून आहे. शेरा: सेम टू सेम.