स्वप्नातली गोधडी कुणाची, ते आधी विचारा

स्वप्नात गुंडाळलेलं अंथरूण दिसलं की मरण, फाटकी गोधडी दिसली की कर्ज, पांढरी चादर दिसली की आजारपण. अशा याद्या फॅमिली ग्रुपवर पाठवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, हे थांबवा. याद्या वाचून खरोखर घाबरणारी माणसं आपल्याच घरात असतात.

अमळनेरजवळ माझी मामी राहते. मामा गेले, तेराव्याला शय्यादान झालं. गादी, उशी, चादर आणि त्यासोबत मामांची रोजची गोधडीही गेली. पुढे तीच गोधडी ओट्यावर गुंडाळून ठेवलेली मामीला स्वप्नात दिसायला लागली. कुणीतरी मोबाईलवरची यादी वाचून दाखवली. झालं! 'आपलं बोलावणं आलं' म्हणून बाईने बीपीच्या गोळ्या सोडल्या, भाकरी अर्ध्यावर आणली.

मी विचारलं, मामी, गोधडी कशी होती? तर तिला सगळं पाठ. वर तिचं हिरवं लुगडं, आत मामांची जुनी धोतरं, एक कोपरा उंदराने कुरतडलेला, तिथे लाल खणाचं ठिगळ. सांगता सांगता रडायला लागली. "तुना मामानी गोधडी व्हती ती, कसाले दिधी?"

यात अपशकुन कुठे आहे? तिला नवऱ्याची गोधडी हवी होती, आणि ती देऊन टाकताना तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या शतकातला ग्रीक स्वप्नपंडित आर्टेमिडोरस 'अंथरूण म्हणजे बायको' असा अर्थ लावायचा. पण स्वप्न पाहणारा कोण, त्याचा धंदा काय, परिस्थिती काय, हे आधी विचारा असं त्यानेच बजावून ठेवलंय. आपल्या याद्या तेवढंही विचारत नाहीत. खान्देशात तर हे विचारल्याशिवाय अर्थ लागणारच नाही. आपल्याकडे गोधडीत आजीचं पातळ असतं, बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीचा परकर असतो. गादीत घरच्या शेतातला कापूस असायचा, पिंजारी दारात धनुकली घेऊन बसायचा. सिव्हिलमध्ये बापाच्या उशाशी रात्री काढलेल्या पोराला पांढरी चादर दिसली, तर ती त्या रात्रींचीच असणार ना?

आणि शरीराचंही ऐका. १९५८ साली डिमेंट आणि वोलपर्ट या अमेरिकन संशोधकांनी स्वप्नात असलेल्या माणसांच्या अंगावर गार पाणी शिंपडलं, तर बऱ्याच जणांच्या स्वप्नात पाणी शिरलं. मग मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर, रात्री लाईट गेलेली, अशात रजईखाली गुदमरल्याचं स्वप्न पडलं तर ग्रह कशाला शोधायचे? गच्चीवर बाज टाका. 'पहाटेचं स्वप्न खरं होतं' म्हणतात, त्याचंही तसंच. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते आणि तेव्हा जाग आली की स्वप्न ध्यानात राहतं.

शकुन मानू नका असं मी कुणाला सांगणार नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण आई-आजी असं स्वप्न सांगायला लागली तर यादी उघडू नका. ती गोधडी कुणाची, कुणी शिवली, आता कुठे आहे, एवढं विचारा आणि पुरतं ऐकून घ्या. तेच स्वप्न रोज पडून झोप मोडत असेल, जेवण सुटत असेल, तर सरळ डॉक्टरकडे न्या. आणि शय्यादानाची तयारी करताना कोणती गोधडी घरात ठेवायची, हे घरातल्या बाईला विचारा. नवी गादी, नवी चादर दिली तरी दान होतंच.