होर्डिंगवरची ती आणि कापडाचा हिशेब

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने एक फोटो टाकला. साताऱ्यात त्याच्या घराजवळच्या चौकात लागलेलं होर्डिंग. अंतर्वस्त्रांची जाहिरात, त्यात एक तरुणी पाठमोरी बसलेली. खाली दादाने लिहिलं होतं, 'शाळेच्या रस्त्यावर हे! कुठे चाललोय आपण?' मग दोन दिवस ग्रुप पेटला होता. काकांनी संस्कृती काढली, वहिनीने पोरीबाळींची काळजी बोलून दाखवली, आणि भाच्याने मला विचारलं, 'आत्या, तुमच्याकडे तर असल्या गोष्टींकडे कोणी वळूनही बघत नसेल ना?'

बघतात रे. वळून बघतात, आणि भांडतातही. फक्त भांडण वेगळ्या मुद्द्यावर असतं.

लंडनला आल्यावर मी पहिली नोकरी धरली, तिथल्या चहाच्या खोलीत रोज 'द सन' पडलेला असायचा. तेव्हाचं इथलं सर्वाधिक खपाचं दैनिक. पान उलटलं की तिसऱ्या पानावर कमरेच्या वर काहीही न घातलेली, हसणारी मुलगी. शेजारी तिचं नाव, वय, गाव. माझ्यासमोर बसणारा सहकारी ते पान तसंच उघडं ठेवून सँडविच खायचा आणि माझ्याशी पुढच्या आठवड्याच्या शिफ्टबद्दल बोलायचा. त्याच्या मनात काही वाईट नसायचं, आणि मला तेच जास्त टोचायचं. मी डबा उघडायचे आणि नजर पोळीभाजीवर ठेवायचे.

हे नोव्हेंबर १९७० पासून चाललं होतं. क्लेअर शॉर्ट या खासदार बाईंनी १९८६ मध्ये ते बंद करण्यासाठी संसदेत विधेयक मांडलं, तेव्हा पुरुष खासदारांनी त्यांची टिंगल केली. सामंथा फॉक्स या पानावर पहिल्यांदा झळकली ती १९८३ मध्ये, सोळा वर्षांची असताना. आणि ते कायदेशीर होतं! सोळाचं अठरा व्हायला २००३ चा कायदा यावा लागला. तेव्हा 'तिकडे सगळं पुढारलेलं' असं कोणी म्हणालं की मला हे सांगावंसं वाटतं.

पान बंद पडलं ते कायद्याने नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जेसिका एनिसने सुवर्णपदक जिंकलं. लूसी-अ‍ॅन होम्स या बाईंनी पेपर उघडला तर त्यातला बाईचा सगळ्यात मोठा फोटो एनिसचा नव्हता, त्या उघड्या मुलीचा होता. त्यांनी सह्यांची मोहीम सुरू केली, सह्या दोन लाखांच्या वर गेल्या आणि जानेवारी २०१५ मध्ये ते पान थांबलं. मीही सही केली होती. त्या मोहिमेचं म्हणणं 'तिला झाका' असं नव्हतंच. म्हणणं असं होतं की बातम्यांच्या पेपरात पुरुष धावतात, भाषणं करतात, सरकारं पाडतात, आणि बाई तिथे कशाला आहे, तर बघायला.

आता आपल्याकडे या. तिकडे शॉर्टबाईंचं विधेयक बारगळलं त्याच १९८६ मध्ये आपल्या संसदेने स्त्रियांच्या अशोभनीय चित्रणाला बंदी करणारा कायदा केला. त्याच्या व्याख्येत नुसतं अशोभनीय नाही, स्त्रीला कमी लेखणारं, तिचा अवमान करणारं चित्रणही येतं. चांगला कायदा. पण वापरताना आपण त्यातला पहिला शब्द उचलला आणि बाकीचे तसेच सोडले. १९९५ मध्ये मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांची बुटांची जाहिरात आली. अंगावर फक्त बूट आणि अजगर. मुंबईत खटला झाला आणि सुटका व्हायला २००९ उजाडलं. चौदा वर्षं! त्या फोटोत दोघंही सज्ञान, दोघंही सारखेच उघडे, कोणी कोणाच्या पायाशी बसलेलं नाही. २०१३ मध्ये मुंबई महापालिकेने दुकानांबाहेरच्या अंतर्वस्त्रं घातलेल्या पुतळ्यांवर बंदी आणण्याचा ठराव केला. पुतळ्यांवर!

आणि त्याच काळात घराघरात, जेवायच्या वेळी, गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती चालू होत्या. एका जाहिरातीत बाप हळहळतो, मुलगा असता तर बरं झालं असतं. सावळी मुलगी क्रीम लावते, उजळते, हवाईसुंदरी होते, आणि बापाला कॉफी पाजते. मुलगी नखशिखांत नीट कपड्यात. जनवादी महिला संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला म्हणून २००३ मध्ये ती हटली. आमच्या घरी कोणालाच त्यात वावगं दिसलं नव्हतं. उलट माझ्या पोह्यांच्या कार्यक्रमाआधी महिनाभर मावशी रात्री झोपताना तीच ट्यूब माझ्या हातात द्यायची. 'लाव, काही बिघडत नाही,' म्हणायची. ते क्रीम १९७५ पासून बाजारात आहे, आणि त्याच्या नावातलं 'फेअर' जायला २०२० साल यावं लागलं. मधू सप्रेच्या त्या फोटोने माझं काय बिघडवलं, मला सांगता येणार नाही. त्या ट्यूबने काय केलं ते मी तासभर सांगू शकते. आरशासमोर मनगट आणि कोपर शेजारी धरून कुठला भाग जास्त काळा ते मी बघायचे. वय वर्षं तेवीस, एम.एस्सी. झालेली मी.

इथे जून २०१९ पासून जाहिरातींसाठी नवा नियम आला: बाईने अमुकच करावं, पुरुषाने तमुकच, असले घातक साचे दाखवायचे नाहीत. त्याखाली पहिल्या ज्या दोन जाहिराती बंद झाल्या त्यातली एक फोक्सवॅगनची. पुरुष अंतराळात तरंगतायत, कृत्रिम पाय लावलेला खेळाडू लांब उडी मारतोय, आणि शेवटी बाळाच्या ढकलगाडीशेजारी बाकावर बसलेली एक बाई. अंगभर कपडे. तक्रारी किती, तर तीन. मला आधी हे अतीच वाटलं. मी स्वतः ती गाडी घेऊन बागेत अशीच बसलेली आहे, त्यात लाजण्यासारखं काय? मग ती जाहिरात पुन्हा पाहिली. बाळाजवळ बसण्यात काही चूक नाही. पण पुरुष एवढं सगळं करत असताना बाईच्या वाट्याला फक्त बाक, हे मला दुसऱ्या खेपेला दिसलं.

इथलं सगळंच मला पटतं असं नाही. २०१५ मध्ये भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर पिवळ्या बिकिनीतल्या मुलीचं पोस्टर होतं, 'तुमचं शरीर बीचवर जायला तयार आहे का?' विचारणारं. पावणेचारशेच्या वर तक्रारी गेल्या. नियामकाने वजन घटवण्याच्या दाव्यांवर बोट ठेवलं, पण चित्र आणि वाक्य आक्षेपार्ह नाही म्हणाले. मला तो निकाल चुकीचा वाटतो. तरी तो कारणांसह छापून आला, मी वाचला, मनातल्या मनात भांडले. भारतातही जाहिरात मानक परिषद आहे, १९८५ पासून, मुंबईतच. तिने २०२२ मध्ये अशाच साच्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. आमच्या ग्रुपवर ती कोणाला माहीत नव्हती. चिडून फोटो मात्र आठ जणांनी पुढे पाठवला.

भाच्याला मी एवढंच विचारलं, की त्या चौकात अजून कुठली होर्डिंग्ज आहेत? त्याला आठवेना. दादालाही नाही, आणि तो तिथून रोज जातो. संध्याकाळी भाच्याने फोटो पाठवला. अंतर्वस्त्रांच्या जाहिरातीला लागूनच गृहप्रकल्पाची जाहिरात. नऊवारी, नथ, हातात ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी बाई. वर मोठ्या अक्षरात 'तिच्या स्वप्नातलं स्वयंपाकघर'. मागे नवरा, हातात गाडीची किल्ली.

खाली त्याने लिहिलं होतं, 'आत्या, हे तीन वर्षांपासून आहे.'