‘कलम ३०अ’ घटनेत कुठे आहे?

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज आला. गोषवारा असा: ‘घटनेच्या कलम ३० मुळे अल्पसंख्याक आपल्या शाळांत कुराण-बायबल शिकवू शकतात, पण कलम ३०अ मुळे हिंदूंना गीता शिकवायला बंदी आहे. पटेलांचा याला विरोध होता, ते गेल्यावर नेहरूंनी हे घुसवलं.’ खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

आधी ३०अ. असं कलम घटनेत नाहीच. ३० च्या पोटात (१अ) आहे, ते १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आलं आणि त्याचा विषय आहे पैसा: अल्पसंख्याक संस्थेची मालमत्ता सरकारने सक्तीने घेतली तर भरपाई कशी ठरवायची. गीता-बीता काही नाही.

पटेलांचा मुद्दा तारखांवरच निकालात निघतो. घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. पटेल गेले त्याच वर्षी १५ डिसेंबरला. कलम ३० पहिल्या दिवसापासून घटनेत आहे. शिवाय अल्पसंख्याकांच्या हक्कांचा विचार करणाऱ्या सल्लागार समितीचे अध्यक्ष खुद्द पटेलच होते!

शाळेतल्या धर्मशिक्षणाचं खरं कलम आहे २८. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, कुठल्याच धर्माचं. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत देता येतं, पण मुलाला त्या तासाला बसवायचं तर पालकांची संमती लागते. नियम सगळ्यांना एकच. आमच्या खाजगी संस्थेच्या शाळेत गीतेचा पंधरावा अध्याय घोकून घेत, कुठलं कलम आडवं आलं नाही. उलट आसामात सरकारी मदरशांच्या नेहमीच्या शाळा करणारा २०२० चा कायदा गुवाहाटी हायकोर्टाने २०२२ मध्ये उचलून धरला, तो याच कलम २८ च्या जोरावर.

एवढं लिहिल्यावर एका काकांचं उत्तर आलं, ‘ते असू दे. पण पोरांना दुसऱ्यांचे धर्म शिकवायचेच कशाला? आणि घटनेला तरी ते चालतं का?’

चालतं. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये या कलमावर चर्चा झाली, तेव्हा आंबेडकरांनी फरक सांगितला होता: एकच ईश्वर आहे, महंमद शेवटचे प्रेषित आहेत, असं मानायला लावणं हे धार्मिक शिक्षण, अभ्यास ही वेगळी गोष्ट. शालेय अभ्यासक्रमात धर्मांची ओळख आणण्याला आव्हान देणाऱ्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हाच धागा पकडला. कलम २८ धर्मोपदेशाला अडवतं, धर्मांच्या अभ्यासाला नाही. त्याआधी १९९९ मध्ये आपल्या शंकरराव चव्हाणांच्या संसदीय समितीनेही सर्व धर्मांची मूलतत्त्वं मुलांना शिकवावीत, अशी शिफारस केली होती.

अरुणा रॉय खटल्यातल्या अर्जदारांना धास्ती होती ती अभ्यासाच्या आडून उपदेश शिरेल याची, आणि ती मला खोटी वाटत नाही. वर्गात एका धर्माची आरती आणि दुसऱ्याची टिंगल चालली, तर पुस्तक कितीही तटस्थ असून उपयोग नाही. त्यासाठी मास्तर तयार करावे लागतील. काकांची भीती मात्र निराळी, पोरं बाटतील ही. विठ्ठल रामजी शिंदे वारकरी घरातले. १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले. ते काही तिकडून ख्रिस्ती होऊन परतले नाहीत. प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

आणि काका, हे शिकवणं तर चालूच आहे. सहावीचं इतिहासाचं पुस्तक उघडा. प्राचीन भारतातल्या धार्मिक प्रवाहांचा धडा आहे. जैन, बौद्ध, मग ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम, पारशी. माझ्या पुतणीने चाचणीत जैनांची पंचमहाव्रतं लिहिली: अहिंसा, सत्य, अस्तेय (म्हणजे चोरी न करणं), अपरिग्रह, ब्रह्मचर्य. पाचही बरोबर, मार्क पूर्ण. ती पाळतेस का, असं बाईंनी विचारलं नाही. घरी येऊन तिने धाकट्याचा खाऊ लांबवला, म्हणजे अस्तेय तिथेच संपलं.